पिवळा झेंडा म्हणजे जहाजावर रोगराई नव्हे

बंदरात शिरणाऱ्या जहाजावर पिवळा झेंडा दिसला, की आत साथीचा रोग आहे असं आजही सर्रास सांगितलं जातं. जुन्या काळी तो खरोखरच विलगीकरणाची खूण होता. आजच्या आंतरराष्ट्रीय संकेतसंहितेत मात्र अर्थ उलटा आहे: ‘माझं जहाज निरोगी आहे, बंदरात प्रवेशाची आरोग्य-परवानगी द्यावी.’ उगाच भीती पसरते आणि बदनाम होतात ते खलाशी, हे फार वाईट.

झेंडा ही फक्त विनंती. खरी भिस्त कागदपत्रांवर आणि तपासणीवर. कप्तान आरोग्य घोषणापत्र देतो. प्रवासात कुणाला ताप आला का, कुणी दगावलं का, हे त्यात लिहावं लागतं. शिवाय जहाजाचं स्वच्छता प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते मुख्यतः उंदरांपुरतंच होतं. २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनी (अंमल २००७ पासून) त्याची व्याप्ती वाढवली. आता निरीक्षक स्वयंपाकघर, कोठार, पिण्याच्या पाण्याच्या टाक्या, सांडपाणी, औषधांची खोली सगळं बघतो. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या आहेत का, हेही. प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त ६ महिने. बंदरात तपासणीची सोयच नसेल तर आणखी १ महिना मिळतो.