"सध्या काही नाही, घरीच असते"

परवा इंदूरला सुदामा नगरात काकूंकडे गेले होते, पाहुणे आलेले, त्यांनी विचारलं सूनबाई काय करते, तर काकू पटकन म्हणाल्या, "सध्या काही नाही, घरीच असते." आणि ती आतल्या खोलीत चार महिन्यांच्या बाळाला पाजत होती. तेव्हापासून ते "काही नाही" माझ्या डोक्यातून जातच नाहीये.

कारण शरीराचा हिशोब बघा ना. फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पितं. ते आईच्या रक्तातल्या साखर, प्रोटीन आणि चरबीतून बनतं, म्हणून पहिले सहा महिने आईला रोज 600 कॅलरी जास्तीच्या लागतात असं आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद सांगते. बाळ चोखायला लागलं की मेंदूखालच्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन सुटतं, त्यानं दूध बनतं, आणि ऑक्सिटोसिननं ते उतरतं, आपण ज्याला पान्हा फुटणं म्हणतो ते हेच. प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणजे रात्री दोनला उठून पाजणं हा नुसता बाळाचा हट्ट नसतो, त्यावर पुढचं दूध अवलंबून असतं. नाइट शिफ्टच आहे ही, आणि वीकली ऑफ नाही.

वेळेचाही हिशोब झालाय. लोकांचा दिवस कशात जातो हे मोजणाऱ्या 2019 च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत, स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला 299 मिनिटं जातात असं निघालं, पुरुषांची 97, आणि मुलांचं-म्हाताऱ्यांचं करण्याचा वेळ यात धरलेलाच नाही, तो वेगळा.

मग जीडीपीत, म्हणजे देशाच्या उत्पादनाच्या हिशोबात, हे का नाही? नियमच तसा आहे. घरी खायला पिकवलेला गहू उत्पादनात धरतात, त्याच गव्हाची पोळी आईनं लाटली की नाही धरत. बाळासाठी पगारी बाई ठेवली तर तिचा पगार धरतात, आईनं सांभाळलं तर शून्य. मला हे अजिबात पटत नाही.

2001 च्या जनगणनेत तर घर सांभाळणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैद्यांसोबत एकाच गटात टाकलं होतं, त्यावर 2010 मध्ये सुप्रीम कोर्टानं नाराजी दाखवली. अपघाताच्या केसमध्ये कोर्ट गृहिणीचं उत्पन्न पकडून भरपाई देतं, म्हणजे किंमत लावता येते हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त ती लावतात बाई गेल्यावर.

निघताना आत डोकावले. बाळ झोपलं होतं, ती बसल्या बसल्या दुपट्यांच्या घड्या घालत होती.