पार्श्वभूमी: हरित हायड्रोजनचा निकष आणि रात्रीची वीज

हायड्रोजन मुंबईला नवा नाही. ब्रिटिश काळात लालबागला दगडी कोळशापासून गॅस काढत, त्यावर शहरातले दिवे जळत. त्यात निम्म्याच्या आसपास हायड्रोजनच असे. पाण्यात वीज सोडून तो मिळवण्याचे तंत्रही १९६०च्या दशकात पंजाबातल्या नांगलला, भाक्राच्या जलविजेवर चालत होते. पुढे नैसर्गिक वायू स्वस्त पडला आणि हे तंत्र मागे पडले. आज ट्रॉम्बेचे खत आणि माहुलच्या रिफायनऱ्यांत डिझेलमधले गंधक काढणे, दोन्हींना हायड्रोजन लागतो. वायूपासून तो एक किलो बनवताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

केंद्राच्या २००६च्या आराखड्यात २०२०पर्यंत हायड्रोजनवर चालणारी दहा लाख वाहने रस्त्यावर आणायचे ठरले होते. ते घडले नाही. लाल किल्ल्यावरून २०२१ साली पुन्हा घोषणा झाली, या वेळी हरित हायड्रोजनच्या, म्हणजे सौर-पवनसारख्या अक्षय विजेवर बनवलेल्या हायड्रोजनच्या, राष्ट्रीय मोहिमेची, जानेवारी २०२३मध्ये १९,७४४ कोटींना मंजुरी मिळाली आणि २०३०पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट ठरले. त्याच वर्षी जुलैत राज्याचे स्वतंत्र धोरण आले, ८,५६२ कोटींचे. वाहनांऐवजी भर खत आणि रिफायनऱ्यांवर आला, हे योग्यच झाले.

खरा वाद केंद्राच्या ऑगस्ट २०२३च्या निकषाचा. हायड्रोजन ‘हरित’ ठरायला किलोमागे उत्सर्जन दोन किलोच्या आत हवे, पण ते मोजायचे बारा महिन्यांच्या सरासरीने. शिवाय ग्रिडमध्ये ‘बँक’ केलेली, म्हणजे आधी देऊन नंतर परत घेतलेली सौर किंवा पवनवीजही अक्षय धरली जाते. २०२२च्या धोरणाने अशा बँकिंगला तीस दिवसांची मुदत दिली होती.

एक किलो हायड्रोजनला ५० ते ५५ युनिट वीज लागते. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो. म्हणजे निव्वळ ग्रिडच्या विजेवर बनवलेला हायड्रोजन किलोमागे ३५ किलोंच्या वर जातो, वायूपासूनच्या हायड्रोजनच्या तिपटीहून जास्त. दुपारी सौरवीज ग्रिडला द्यायची, रात्री तितकीच परत घ्यायची, तर कागदावर हिशेब चोख बसतो. पण त्या रात्री ग्रिडमध्ये जी वीज असते ती मुख्यतः कोळशाची.

उद्योगांचे म्हणणेही हलके नाही. इलेक्ट्रोलायझर, म्हणजे पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढणारा संच, महाग; तो दिवसाचे सहा-सात तासच चालला तर भांडवलाचा बोजा प्रत्येक किलोवर चढतो. तासागणिक मेळ, म्हणजे ज्या तासाला अक्षय वीज बनली त्याच तासाला ती वापरणे, सक्तीचा केला असता तर सुरुवातीचे प्रकल्प उभेच राहिले नसते, असे ते सांगतात. युरोपने मधली वाट काढली: आधी महिन्याचा मेळ, २०३०पासून तासाचा. आपल्याकडे अशी पुढची पायरीच ठरवलेली नाही, आणि माझ्या मते या निकषातली सर्वांत मोठी उणीव हीच. सवलत सुरुवातीला द्यावी, पण ती कधी संपणार हे त्याच दिवशी लिहून ठेवायला हवे होते.

माहुल-ट्रॉम्बेला इलेक्ट्रोलायझरपुरती जागा एकवेळ मिळेल, सौर पटलांना मिळणार नाही. इथे हायड्रोजन बनवायचा तर वीज लांबून, ग्रिडमधूनच येणार. त्यामुळे मुंबईला हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त लागू पडतो. एप्रिल २०२५मध्ये प्रमाणपत्राची योजना आली, तीही याच निकषावर बेतलेली. देशाच्या ग्रिडचे वेळापत्रक मात्र आधीपासूनच पंधरा-पंधरा मिनिटांच्या खंडांत आखले जाते, म्हणजे तासाचा हिशेब ठेवणे अशक्य नाही.