फुटणारी पेशी आणि ताठ होणारी पेशी

शुद्ध पाण्यात टाकलेली लोहित रक्तपेशी काही सेकंदांत फुटते. त्याच पाण्यात ठेवलेली कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी मात्र अधिकच ताठ होते. दोन्हींत घडणारी क्रिया एकच, परासरण, म्हणजे पेशीच्या पटलातून पाण्याचे वाहणे. अभ्यासाच्या तक्त्यांत अवपरासारी (पेशीतील रसापेक्षा पातळ), समपरासारी (तितकेच तीव्र) आणि अतिपरासारी (अधिक तीव्र) द्रावण अशी तीन घरे आखून या दोन पेशी शेजारी शेजारी बसवलेल्या असतात आणि त्यामुळे एकीला भित्तिका, म्हणजे बाहेरचे कडक कवच, आहे व दुसरीला नाही, बाकी सारे सारखेच, असा समज होतो. प्रत्यक्षात पाण्याचा प्रवाह कधी थांबायचा, हेच दोन्हीकडे वेगवेगळ्या कारणाने ठरते.

दोन्ही पेशींना प्रद्रव्यपटल, म्हणजे आतल्या जिवंत द्रव्याभोवतीचे पातळ आवरण, असते. त्यातून पाणी सहज ये-जा करते, पण विरघळलेले क्षार आणि शर्करा तितक्या सहज जात नाहीत. म्हणून पाणी कमी तीव्रतेच्या बाजूकडून अधिक तीव्रतेच्या बाजूकडे वाहते. समपरासारी, अवपरासारी आणि अतिपरासारी ही विशेषणे बाहेरच्या द्रावणाची असून ती नेहमी विशिष्ट पेशीच्या तुलनेत लावायची असतात, हे येथे विसरून चालत नाही.

आधी रक्तपेशी पाहू. मिठाचे ०.९ टक्के द्रावण तिला समपरासारी असते आणि त्यात तिचा आकार बदलत नाही. द्रावण पातळ करत गेल्यास पाणी आत शिरते, परंतु पेशी लगेच फुटत नाही, कारण दोन्ही बाजूंनी खोलगट अशा चकतीच्या आकारामुळे तिच्या पटलात फुगण्यापुरती ढिलाई असते. आधी ती गोलाकार होते आणि ढिलाई संपल्यावरच पटलावर खरा ताण येतो. हे पटल वाकते फार सुरेख, पण त्याचे क्षेत्रफळ मोजक्याच टक्क्यांनी वाढू शकते. निरोगी रक्तात मिठाची तीव्रता साधारण ०.५ ते ०.४५ टक्क्यांपर्यंत उतरली की काही पेशी फुटू लागतात आणि ०.३ टक्क्यांच्या आसपास जवळजवळ सर्वच फुटलेल्या असतात. यालाच रक्तविलयन म्हणतात. म्हणजे प्राणिपेशीत पाणी थांबण्याचा मार्ग एकच: आतली आणि बाहेरची तीव्रता सारखी होणे. तोवर पटल टिकले नाही, तर पेशीही टिकत नाही.

वनस्पतिपेशीत पाणी थांबते ते दाबामुळे. पाणी आत येते, रिक्तिका (पेशीतील रसाची पिशवी) फुगते, प्रद्रव्यपटल सेल्युलोजच्या भित्तिकेवर दाबले जाते आणि भित्तिका तितक्याच जोराने त्याला मागे रेटते. हा रेटा परासरणाच्या ओढीइतका झाला की निव्वळ प्रवाह थांबतो, आणि त्या क्षणीही आतला रस बाहेरच्या पाण्यापेक्षा कितीतरी तीव्र असतो. माझ्या मते संपूर्ण विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी समजावला जाणारा मुद्दा आहे, कारण ‘दोन्हीकडची तीव्रता समान होईपर्यंत पाणी वाहते’ हे पाठ केलेले वाक्य येथे सरळ चुकीचे ठरते. फुगलेल्या पेशीतील या दाबाचे, म्हणजे स्फीती दाबाचे, मूल्य सामान्यतः ०.३ ते १ मेगापास्कल, म्हणजे मोटारीच्या टायरमधील दाबाच्या सुमारे दीडपट ते साडेचारपट असते. कोवळे खोड आणि पान लाकडाशिवाय उभे राहते ते याच दाबावर.

साहजिकच समपरासारी द्रावणाचा अर्थही दोघींसाठी सारखा राहत नाही. रक्तपेशीला ती आदर्श स्थिती; वनस्पतिपेशीत मात्र स्फीती दाब शून्यावर येतो आणि ती शिथिल पडते.

अतिपरासारी द्रावणातील बदलांची गल्लत तर फारच होते. रक्तपेशी आकसते तेव्हा ती सगळीच लहान होते व तिच्या कडेला काटेरी उंचवटे येतात. वनस्पतिपेशीत भित्तिका जवळजवळ जागेवरच राहते आणि आतले प्रद्रव्य (पटलासह पेशीचा जिवंत भाग) तिच्यापासून सुटून आत ओढले जाते, हाच रससंकोच. मग भित्तिका आणि पटल यांच्यामधल्या मोकळ्या जागेत काय असते? हवा किंवा पोकळी नव्हे, बाहेरचेच द्रावण, कारण भित्तिका त्याला अडवत नाही. डच वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्रीस यांनी एकोणिसाव्या शतकात हाच रससंकोच मोजपट्टीसारखा वापरून निरनिराळ्या द्रावणांच्या परासरणशक्तीची तुलना केली होती.

ओघात आणखी एक गैरसमज दूर करायला हवा: कोमेजणे म्हणजे रससंकोच नव्हे. हवेत सुकणाऱ्या पानात पेशीभोवती द्रावण नसते आणि भित्तिकेच्या अतिसूक्ष्म छिद्रांत धरून ठेवलेले पाणी हवेला आत शिरू देत नाही. त्यामुळे प्रद्रव्य भित्तिकेपासून सुटत नाही. भित्तिकाच त्याच्याबरोबर आत दुमडते.

भित्तिका नसलेल्या पेशींना मग आपली सोय अन्य प्रकारे करावी लागते. आपल्या शरीरात मूत्रपिंडे रक्तातील पाण्याचे आणि क्षारांचे प्रमाण राखतात, तर प्रत्येक पेशी सोडियम सतत बाहेर काढत राहते. गोड्या पाण्यातील पॅरामेशियम हा एकपेशीय जीव संकोची रिक्तिकेने, म्हणजे आकुंचन पावणाऱ्या पिशवीने, आत शिरलेले पाणी पुन्हा पुन्हा बाहेर फेकते.

फरक भित्तिकेचाच आहे, हे प्रयोगानेही दाखवता येते. सेल्युलोज आणि पेक्टिन यांचे विघटन करणाऱ्या विकरांनी (एन्झाइमांनी) वनस्पतिपेशीची भित्तिका काढून टाकली की उरतो तो प्रोटोप्लास्ट. १९६० मध्ये ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ एडवर्ड कॉकिंग यांनी टोमॅटोच्या मुळांच्या टोकांपासून असे प्रोटोप्लास्ट विकरांच्या साहाय्याने मिळवले. त्यांना मॅनिटॉलसारख्या पदार्थाच्या पुरेशा तीव्र द्रावणातच सांभाळावे लागते; साध्या पाण्यात गेले, की तेही रक्तपेशीसारखेच फुटतात.