खेळ आणि पोर्ट्रेट, दोन्हीला एकच कॅमेरा बॉडी घेताय? आधी हे वाचा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

शाळांचे क्रीडा महोत्सव, कबड्डी, क्रिकेट आणि उरलेल्या दिवसांत पोर्ट्रेट, प्री-वेडिंग. नाशकात असं मिश्र काम करणारे बरेच जण आहेत, आणि दुकानात आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सेकंदाला सगळ्यात जास्त फ्रेम (फोटो) कुठली बॉडी देते?’ आकडा डब्यावर छापलेला असतो. तो कोणत्या अटींवर मिळतो, ते मात्र डब्यावर नसतं. नुसत्या आकड्यावर घेतलेली बॉडी काही दिवसांत ‘कॅमेरा अडकतो’ म्हणून काउंटरवर येते. बहुतेक वेळा बॉडीत काही बिघाड नसतो, पण तुम्हाला हेलपाटे पडतात आणि एखादी स्पर्धा हातची जाते.

कॅनन आर७ चं उदाहरण घ्या. ३० फ्रेम मिळतात त्या इलेक्ट्रॉनिक शटरवर, मेकॅनिकलवर (पडदा खरोखर उघडझाप करणाऱ्या शटरवर) १५. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर एकेक ओळ करून वाचला जातो. तेवढ्यात बॅट पुढे गेलेली असते, म्हणून सरळ बॅट फोटोत वाकडी दिसते. हॉलमधल्या साध्या दिव्यांचा उजेड आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, त्याचे आडवे पट्टे उमटतात. सोनी ए७ फोर १० फ्रेम देतो, पण लॉसी कॉम्प्रेस्ड रॉवर (रॉ म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा, लॉसी म्हणजे थोडा तपशील गमावून लहान केलेला). लॉसलेस (तपशील न गमावता) निवडलं की वेग बराच खाली येतो. म्हणून खेळासाठी बॉडी तोलताना मेकॅनिकल शटरचाच आकडा धरा. १० ते १२ फ्रेम कबड्डीलाही पुरतात. निकॉन झेड६ थ्री किंवा फुजी एक्स-एच२एसचा सेन्सर फार लवकर वाचला जातो, त्यामुळे तिथे वाकडेपणा पुष्कळ कमी. सोनी ए९ थ्रीत ग्लोबल शटर (सगळा सेन्सर एकाच वेळी वाचणारं) असल्याने तो राहतच नाही, पण रोजची कमाई खेळावरच असेल तरच तेवढा पैसा घालावा.

याच शटरमुळे पोर्ट्रेटवाल्यांचीही अडचण होते. बहुतेक बॉडींत इलेक्ट्रॉनिक शटरवर फ्लॅश पेटतच नाही. सकाळी मैदानावर लावलेलं सेटिंग संध्याकाळी तसंच राहतं आणि मग ट्रिगर बदल, सेल बदल, केबल तपास यात तास जातो. आधी शटर मेकॅनिकलवर आणा आणि शटरचा वेग १/२०० ठेवा.

आता कार्ड. सर्वात जास्त तक्रारी इथूनच येतात. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची. १२ फ्रेमच्या वेगाने सेकंदाला ३०० एमबीच्या पुढे माल तयार होतो. तो आधी बॉडीच्या बफरमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) साठतो आणि तिथून कार्डावर उतरतो. कार्डावर मोठ्या अक्षरात छापलेला १७० किंवा २०० हा आकडा वाचण्याचा वेग असतो. लिहिण्याची हमी बारीक अक्षरातल्या व्ही३०, व्ही६०, व्ही९० या खुणेत असते: सेकंदाला किमान ३०, ६० किंवा ९० एमबी. व्ही३० कार्ड असेल तर बफर काही सेकंदांत भरतो. पुढे बटण दाबून धरलं तरी फ्रेम अडखळत येतात, आणि नेमकं तेव्हाच रेडरला मधल्या रेषेवर पकडलेलं असतं. यूएचएस-टू या वेगवान प्रकारच्या कार्डाच्या मागे पिनांच्या दोन ओळी असतात. खेळासाठी तेच घ्या, किमान व्ही६०. जुना सोनी ए७ थ्री वापरत असाल तर ते पहिल्याच स्लॉटमध्ये घाला, दुसरा स्लॉट हळू आहे. नवीन कार्ड घ्यायचं नसेल तर खेळ जेपीईजीवर काढा. फाइल लहान असते, अडखळणं बरंच कमी होतं. कार्ड विकायचं आहे म्हणून आम्ही हे सांगतो असं काहींना वाटतं. तसं नाही, म्हणूनच जेपीईजीचा मार्गही इथे लिहिला आहे.

मेगापिक्सेलचं थोडक्यात. १२ बाय ३६ च्या अल्बमचं एक पान १२ बाय १८ इंचांचं असतं. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) त्यासाठी सुमारे साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात, म्हणजे २४ पुरे. जास्तीच्या मेगापिक्सेलने बफर मात्र लवकर भरतो.

फुल फ्रेम (३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर) की क्रॉप (त्याहून लहान सेन्सर), हे तुम्ही कुठे उभे राहता त्यावर ठरतं. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर. तिथे ७०-२०० एफ २.८ पुरते, पण उजेड कमी, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० ते ६४००. अशा जागी फुल फ्रेमचा साधारण एक स्टॉपचा (दुप्पट उजेडाएवढा) फायदा खरंच दिसतो. अनंत कान्हेरे मैदानावर सीमारेषेबाहेरून खेळपट्टी ६० मीटर धरली, तर २०० एमएमवर क्रॉप बॉडीच्या उभ्या फ्रेममध्ये फलंदाज जेमतेम चौथा हिस्सा व्यापतो, फुल फ्रेममध्ये सहावा. दिवसाउजेडी क्रिकेट आणि अॅथलेटिक्स जास्त असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: क्रॉप बॉडी घ्या आणि वाचलेला पैसा लेन्सवर घाला. फक्त ८५ एमएमची पोर्ट्रेट लेन्स क्रॉपवर लहान खोलीत अडचणीची होते. तिथे ५० किंवा ५६ बरी. हॉलमधले सामने आणि संध्याकाळचे पोर्ट्रेट जास्त असतील तर कॅनन आर६ मार्क टूसारखी फुल फ्रेम घ्या.

घरच्या जुन्या लेन्स आधी मोजा. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स अॅडॅप्टरवर (जुनी लेन्स नव्या बॉडीला जोडणाऱ्या भागावर) ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या एफटीझेड अॅडॅप्टरमध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे लेन्समध्येच मोटर असलेल्या एएफ-एस चालतात, पण डी मालिकेतल्या ५० आणि ८५ एमएमला हातानेच फोकस करावा लागतो. पोर्ट्रेटला चालेलही, खेळाला नाही.

म्हणूनच आम्ही व्हॉट्सअॅपवर नुसता भाव पाठवत नाही, आधी काम आणि लेन्स विचारतो. ऑनलाइन कदाचित थोडं स्वस्त मिळेल. पण इथे बॉडी तुमच्या लेन्सवर, तुमच्या कार्डावर लावून दुकानासमोरच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या दुचाकींवर चालवून बघता येते. कंटिन्युअस फोकस, शटरचा वेग १/१०००, मेकॅनिकल शटर, रॉ. दहा सेकंद बटण दाबून धरा. आवाज कधी मंदावतो ते ऐका, सोडल्यावर कार्डाचा दिवा किती वेळ पेटलेला राहतो ते मोजा, मग फोटो मोठे करून डोळे बघा. बॉडी घेतल्यावर एका कस्टम मोडवर खेळ आणि दुसऱ्यावर फ्लॅशसह पोर्ट्रेट आम्ही लावून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा या. लेन्स, कार्ड आणि फ्लॅशचा ट्रिगर सोबत आणा.