पहिला ड्रोन: २४९ ग्रॅममध्ये काय काय मावतं?

नवशिक्यांसाठीच्या चांगल्या कॅमेरा ड्रोनची माहितीपत्रकं चाळली तर एक आकडा पुन्हा पुन्हा भेटतो: २४९ ग्रॅम. मोटर, पंखे, बॅटरी, कॅमेरा सगळं धरून २४९. हा आकडा कायद्यातून आला आहे आणि त्या कायद्यामागे शाळेतलं एक गणित आहे. ड्रोन घेताना दुकानदार जे सांगत नाही, त्यातलं बरंचसं या आकड्याच्या मागे लागलं की कळतं.

२०१५ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने ड्रोनच्या नोंदणीसाठी एक समिती नेमली. किती लहान ड्रोन नोंदणीतून वगळायचा, हे ठरवायचं होतं. समितीने हिशेब केला तो जरा अंगावर येणारा आहे. ८० ज्यूल ऊर्जेची वस्तू डोक्यावर आदळली तर माणूस दगावण्याची शक्यता ३० टक्के, असं तिने धरलं. वरून पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढत जातो, तसा हवेचा विरोधही वाढतो आणि एका टप्प्यावर वेग स्थिरावतो. छोट्या ड्रोनसाठी हा वेग सेकंदाला सुमारे २५ मीटर धरला गेला. गतिज ऊर्जा म्हणजे निम्मं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. त्यात हे दोन्ही आकडे घातले की वस्तुमान येतं जवळजवळ पाव किलो. ही मर्यादा मग अनेक देशांनी उचलली. भारताच्या ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांतही २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात येतो. तो उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. २५० ग्रॅम ते २ किलो हा ‘मायक्रो’ गट. तिथेही हौसेसाठी उडवत असाल तर प्रमाणपत्राची गरज नाही, धंद्यासाठी मात्र आहे.

मर्यादा ठरली की कंपन्या तिच्या कडेला येऊन बसतात. डीजेआय या चिनी ड्रोन कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅव्हिक मिनी आणला तो २४९ ग्रॅमचा. जपानमध्ये तेव्हा मर्यादा २०० ग्रॅम होती, म्हणून तिथे तोच ड्रोन लहान बॅटरी घालून १९९ ग्रॅमचा विकला! पुढे २०२२ मध्ये जपानने मर्यादा १०० ग्रॅमवर आणली आणि ती सगळी कसरत वाया गेली.

पण या मर्यादेमुळे आपल्यासारख्या गिऱ्हाइकांचं भलं झालं. पाव किलोत सगळं बसवायचं म्हटल्यावर कशावर वजन खर्च करायचं, याचा विचार अभियंत्यांना करावा लागला. त्यांनी ते खर्च केलं मुख्यतः एका गोष्टीवर: स्थिर राहणं.

चार पंख्यांचा ड्रोन स्वभावतः स्थिर नसतो. तळहातावर उभी काठी तोलताना हात सतत हलवत राहावा लागतो, तसं त्याच्या आतल्या संगणकाला सेकंदाला शेकडो वेळा चारही मोटरींचा वेग कमीजास्त करावा लागतो. दोन पंखे उजवीकडे फिरतात, दोन डावीकडे, म्हणून ड्रोन स्वतःभोवती गरगरत नाही. किती कलतोय हे जायरोस्कोप आणि अ‍ॅक्सिलरोमीटर सांगतात. या दोन चिपा तुमच्या मोबाइलमध्येही आहेत, फार स्वस्त आहेत आणि तीन हजारांच्या खेळण्यातही असतात. पण त्यांना फक्त कल कळतो, जागा कळत नाही. वाऱ्याने ड्रोन अगदी सपाट राहून शेजारच्या गच्चीवर वाहून गेला, तरी त्यांच्या मते सारं आलबेल असतं.

जागा कळण्यासाठी पुढचे सेन्सर लागतात आणि पैशांतला फरक इथे सुरू होतो. उंचीसाठी दाबमापक: समुद्रसपाटीजवळ एक मीटर वर गेलं की हवेचा दाब साधारण १२ पास्कलने कमी होतो, आणि तेवढा फरक ही चिप ओळखते. जमिनीजवळ असताना खाली तोंड केलेला एक छोटा कॅमेरा, जो फरशीची, गवताची नक्षी किती सरकली ते पाहून ड्रोन किती सरकला ते काढतो. आणि उघड्यावर उपग्रहांचे संकेत. डीजेआयच्या मिनी २ साठी कंपनीने दिलेले आकडे बघा: खालचा कॅमेरा काम करत असेल तर आडव्या दिशेत चूक ३० सेंटिमीटरपर्यंत, नुसत्या उपग्रहांवर दीड मीटरपर्यंत. म्हणजे रिमोट सोडून दिला तरी ड्रोन दीड मीटरच्या आत आहे तिथेच थांबतो. नवशिक्याला याहून मोठी मदत नाही. गोंधळलात तर हात काढून घ्या.

खालच्या कॅमेऱ्याची एक खोड लक्षात ठेवायला हवी. पाण्यावर त्याला नक्षी सापडत नाही, किंवा सापडते ती लाटांची, जी स्वतःच हलत असते. कोकणात समुद्रावर किंवा धरणाच्या पाण्यावर ड्रोन फार खाली आणू नये, तो याचसाठी. दिशा कळण्यासाठी ड्रोनमध्ये होकायंत्र असतं, त्याची खोड वेगळी: गच्चीच्या स्लॅबमधल्या सळया त्याला फसवतात.

आता कॅमेरा. चार-पाच हजारांच्या ड्रोनच्या खोक्यावर हमखास ‘फोर-के’ लिहिलेलं असतं. खरा फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख ठिपके. अशा बहुतेक खेळण्यांतला सेन्सर ७२० रेषांचा असतो, म्हणजे सव्वानऊ लाख ठिपक्यांच्या आसपास. उरलेले ठिपके शेजारच्यांची सरासरी काढून भरलेले असतात. त्यातून तपशील वाढत नाही, फाइल मात्र फुगते. पकडायची सोपी युक्ती: मेमरी कार्डाची खाच आहे का ते बघा. नसेल तर चित्रण वायफायवरून फोनवर येतं आणि तिथेच साठतं. म्हणजे वाटेत सिग्नल अडखळला की चित्रही अडखळलं. शक्य असेल तर विक्रेत्याकडून मूळ फाइल मागा. मिनी २ चा फोर-के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटपर्यंत जातो, म्हणजे मिनिटाला साडेसातशे मेगाबाइट. ‘फोर-के’ची मिनिटभराची फाइल तीस-चाळीस मेगाबाइटांची निघाली तर समजून घ्यायचं.

तरी ठिपके हा दुय्यम मुद्दा आहे. खरा मुद्दा गिंबलचा, म्हणजे कॅमेरा सरळ धरून ठेवणाऱ्या यंत्रणेचा. चार पंख्यांच्या ड्रोनला पुढे जायचं तर पुढे कलावंच लागतं, दुसरा मार्गच नाही. इतकंच कशाला, वाऱ्यात एका जागी थांबायचं तरी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने कलून राहावं लागतं. म्हणजे ड्रोन ‘स्थिर’ दिसतो तेव्हाही तो तिरका असतो आणि झुळकेगणिक त्याचा कोन बदलत असतो. कॅमेरा अंगाला घट्ट बसवलेला असेल तर क्षितिजही तसंच डुलत राहतं. तीन अक्षांचा गिंबल म्हणजे तीन चिमुकल्या मोटरी, ज्या ड्रोन जिकडे कलेल त्याच्या उलट कॅमेरा फिरवतात. काही ड्रोन हे काम सॉफ्टवेअरवर सोडतात: चित्राच्या कडा कापायच्या आणि उरलेली चौकट सरकवत राहायची. दिवसा उजेडात ते चालून जातं. संध्याकाळी प्रकाश कमी झाला की प्रत्येक चौकट जास्त वेळ उघडी राहते, त्या वेळेत कॅमेरा हललेला असतो आणि धुरकट झालेली चौकट कितीही सरकवली तरी स्पष्ट होत नाही. गिंबल आणि फुल एचडी, की गिंबलशिवाय फोर-के, अशी निवड आली तर मी डोळे मिटून पहिला पर्याय घेईन. (‘सिक्स अ‍ॅक्सिस’ हा शब्द वाचून हुरळू नका. तो जायरोचा असतो, गिंबलचा नव्हे.)

बॅटरीच्या बाबतीत फसवणारा शब्द आहे एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास. एखाद्या खेळण्यावर १८०० लिहिलेलं असतं, डीजेआय मिनी २ वर २२५०. फरक किरकोळ वाटतो. पण पहिलीत ३.७ व्होल्टचा एकच सेल असतो, दुसरीत दोन, मिळून ७.७ व्होल्टचे. गुणाकार केला की पहिलीत पावणेसात वॅट-तास भरतात, दुसरीत सव्वासतरा. एवढ्यावर मिनी २ वारा नसताना ३१ मिनिटं उडतो असं कंपनी म्हणते. म्हणजे तो सरासरी तेहेतीस-चौतीस वॅट खातो. प्रत्यक्षात वीस-पंचवीस टक्के बॅटरी शिल्लक असताना उतरायचं, वाऱ्याशी झगडायचं, हे धरलं तर हातात बावीस-तेवीस मिनिटं येतात. खेळण्यावर दहा लिहिली असतील तर सहा-सात धरा.

मग मोठी बॅटरी का नाही घालत? कारण हवेत तरंगायला लागणारी ताकद वजनाच्या दीडाव्या घाताने वाढते. बॅटरी जड झाली की तिच्यातली वीज तिला स्वतःलाच उचलण्यात जाते. डीजेआय मिनी ३ मध्ये हे स्वच्छ दिसतं. साध्या बॅटरीवर तो २४९ ग्रॅम आणि ३८ मिनिटं. मोठी बॅटरी घातली तर सुमारे २९० ग्रॅम आणि ५१ मिनिटं. साठा ५७ टक्क्यांनी वाढला, वेळ ३४ टक्क्यांनी. शिवाय ड्रोन नॅनो गटातून बाहेर पडला. पंख्यांभोवतीची सुरक्षेची जाळी लावली तरी तेच होतं. माणसं सुरक्षित राहावीत म्हणून आखलेली मर्यादा सुरक्षेची जाळी लावल्याने ओलांडली जाते, हा कायद्याचा विनोदच म्हणायचा.

वाऱ्याचा हिशेब खरेदीआधी एकदा कागदावर मांडून बघावा. ड्रोनचा नेहमीचा वेग सेकंदाला १० मीटर. सह्याद्रीत एखाद्या माचीवर ७ मीटरचा वारा ही काही वादळाची गोष्ट नाही. वाऱ्यासोबत ड्रोन सेकंदाला १७ मीटरने जातो, एक किलोमीटर मिनिटभरात. परत येताना त्याच्याकडे उरतात ३ मीटर. तेच अंतर साडेपाच मिनिटांचं होतं, आणि वर गेलं की वारा आणखी जोरात असतो. म्हणून आधी वाऱ्याच्या विरुद्ध जायचं आणि परतताना त्याला पाठीशी घ्यायचं. जीपीएस असलेला ड्रोन सिग्नल तुटला की आपण होऊन उडालेल्या जागी परततो खरा, पण हे गणित त्यालाही चुकत नाही. पन्नास-साठ ग्रॅमची खेळणी तर अशा वाऱ्यात परत यायचा प्रश्नच नसतो.

आता पैशांचं. माझं मत थोडं टोकाचं आहे: मधला पट्टा टाळा. तीन-पाच हजारांचं खेळणं घ्यायचं तर खेळणं म्हणूनच घ्या. घरातल्या घरात उडवा, आपटा, मुलांना द्या. २०१८ मध्ये आलेला टेलो हा ८० ग्रॅमचा ड्रोन या बाबतीत प्रामाणिक होता: जीपीएस नाही, चित्रण ७२० रेषांचं, तेरा मिनिटं उड्डाण, आणि मुलांना त्यावर प्रोग्रॅमिंग शिकता येई. पण किल्ल्याचं, शेताचं, घरच्या कार्याचं चित्रण हवं असेल तर जीपीएस, तीन अक्षांचा गिंबल, ब्रशलेस (आत घासणारे ब्रश नसलेल्या) मोटरी आणि मेमरी कार्ड या चारही गोष्टी एकत्र येईपर्यंत पैसे साठवा. ते साधारण पस्तीस हजारांच्या पुढेच जमतं. दहा-वीस हजारांच्या पट्ट्यात या चारांपैकी एखाददुसरी गोष्ट मिळते, बाकी खोक्यावर छापलेली असते. त्यातल्या ब्रश असलेल्या मोटरी तर झिजतातच. आतले ब्रश घासून संपले की मोटर मंदावते आणि ड्रोन एका बाजूला ओढू लागतो.

भारतात याला एक वेगळी अडचण आहे. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढ्यापुरती सूट, सुटे भाग आणायला मोकळीक. दुकानात दिसणारा परदेशी ड्रोन कोणत्या वाटेने आला हे विचारलंत तर दुकानदार विषय बदलतो. हमी आणि दुरुस्ती यांचा भरवसा तिथे धरू नये. न्यू जर्सीचा मामेभाऊ दिवाळीला येताना घेऊन येईल, हा बेतही तपासून घ्या: विमानतळावर कस्टम्सच्या अर्जात ड्रोन जाहीर करावा लागतो आणि तो तिथेच अडकू शकतो. देशी जुळणीचे २५० ग्रॅमच्या आतले ड्रोन आता मिळतात. सप्टेंबर २०२५ पासून ड्रोनवरचा जीएसटी सरसकट ५ टक्के झाला आहे. आधी तो कॅमेऱ्याच्या ड्रोनला १८ आणि वैयक्तिक वापराच्या ड्रोनला २८ होता. बिल घेऊनच खरेदी करा.

कुठे उडवायचा हे ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर पाहावं. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पिवळ्यात लागते, लाल भाग विसरायचा. मुंबईत विमानतळं, पुण्यात लोहगावचा हवाई दलाचा तळ, यांमुळे शहरवासीयांना बहुधा बाहेरच पडावं लागतं. मुंबई पोलीस अधूनमधून शहरभर ड्रोनबंदीचे आदेशही काढतात. रायगड, सिंधुदुर्ग यांसारख्या केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या किल्ल्यांवर वेगळी परवानगी हवी. वजन २४९ आहे हे सांगून तिथला पहारेकरी ऐकणार नाही, आणि त्याने ऐकूही नये.

पहिल्या दिवशी मोकळं मैदान गाठा. ड्रोनची शेपटी आपल्याकडे ठेवून शिका, कारण तोंड आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं आणि बहुतेक झाडं तेव्हाच आडवी येतात. बजेट ठरवताना दुसरी बॅटरी आणि जादा पाती त्यातच धरा. पातं जरासं चिरलं तरी लगेच बदला. चिरलेल्या पात्याची थरथर गिंबललाही पूर्ण लपवता येत नाही आणि चित्रात इमारतींच्या उभ्या कडा जेलीसारख्या लवलवताना दिसू लागतात.