रिकामा वेळ आणि विश्रांती: घरातून व्यवसाय करणाऱ्यांच्या दिवसातील एक गल्लत

समजा, कोथरूडमधील एका घरात चकली-चिवड्याच्या ऑर्डरी घेतल्या जातात. ग्राहकाने दुपारी चार वाजता माल न्यायला येतो असे सांगितले आहे. चारच्या ठोक्याला डबे बांधून, बिल लिहून, पिशवी दाराशी ठेवून सारे तयार असते आणि ग्राहक उगवतो तो पावणेसातला. मधल्या पावणेतीन तासांत त्या घरातील बाईंनी चहा घेतला, वर्तमानपत्र चाळले, एक मालिका अर्धीमुर्धी पाहिली आणि चार-पाच वेळा गॅलरीतून खाली डोकावून पाहिले. दुपारी काय केले असे कोणी विचारले, तर ‘काही नाही, बसूनच होते’ असे उत्तर त्या देतील आणि ते खरेही असेल. तरीही रात्री अंग मोडून आलेले असते, मन आंबलेले असते, आणि एवढा वेळ बसूनही आपण दमलो कशाने, हे कोडे काही सुटत नाही.

हे कोडे पडते, कारण दिसायला अगदी सारख्या असलेल्या दोन गोष्टी आपण एकाच खात्यात मांडतो. एक रिकामा वेळ आणि दुसरी विश्रांती. दोन्हींत हात थांबलेले असतात, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला आणि पुष्कळदा स्वतःलाही फरक कळत नाही. मात्र रिकाम्या वेळात फक्त काम नसते. कामासाठी तयार राहण्याची सक्ती असतेच. विश्रांतीत ती सक्तीही उतरवून ठेवलेली असते. ओळखण्याची एक सोपी खूण म्हणजे हा वेळ संपवण्याचा अधिकार कोणाच्या हातात आहे ते पाहणे. दाराची घंटा, फोन, कुकरची शिट्टी किंवा भिजत घातलेली डाळ यांपैकी कोणीही तो वेळ कोणत्याही क्षणी संपवू शकत असेल, तर तो रिकामा वेळ समजावा. मराठीत ‘रिकामा’ आणि ‘मोकळा’ हे दोन शब्द वेगळे आहेत ते उगीच नाहीत. रिकाम्या भांड्यात कोणीही काहीही ओतू शकतो. मोकळा मात्र तोच, ज्याला कोणी बांधलेले नाही.

घरगुती व्यवसायात रिकामा वेळ विपुल असतो, कारण तो कामाच्या घडणीतच असतो. अनारशांचेच पाहा. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग निथळून सावलीत कपड्यावर पसरायचे, किंचित ओलसर असतानाच दळायचे, चाळायचे, गूळ मिसळून गोळे बांधायचे आणि ते पुन्हा काही दिवस मुरू द्यायचे. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देण्याची चाल असल्यामुळे त्या महिन्यात अशा ऑर्डरींची गर्दी होते. एका घाण्याचा पूर्ण काळ आठवड्याच्या पुढे जातो आणि प्रत्यक्ष हात लागतो तो त्यातले काही तास. उरलेला काळ वाट पाहण्याचा. पण ते पाहणे फुकट नसते. पाणी बदलायची वेळ चुकली तर तांदळाला वास लागतो, तांदूळ जास्त वाळले तर पीठ बिघडते आणि पीठ बिघडले की अनारसा तुपात विरघळतो. म्हणून करणारी व्यक्ती घराबाहेर पडली तरी तिच्या मनाचे एक टोक त्या पातेल्याला बांधलेले राहते. ब्लाउज शिवून ‘ट्रायल’साठी ग्राहकाची वाट पाहणे, शिकवणीच्या दोन तुकड्यांमधला पाऊण तास, मजकूर पाठवून मंजुरीची वाट पाहणे, हे सारे याच जातीचे.

या रिकाम्या वेळाचे दोन प्रकार वेगळे ठेवले तर पुढचे नियोजन सोपे जाते. पहिला प्रकार ठरावीक लांबीचा असतो. मोदकाची उकड वाफेला लावली की दहा-बारा मिनिटे, इडलीचे पीठ आंबायला रात्रभर, हे आधीच माहीत असते. दुसऱ्याला शेवटच माहीत नसतो. ग्राहक कधी येईल, पैसे कधी जमा होतील, कुरिअरवाला कधी घंटा वाजवील, काही सांगता येत नाही. खरा थकवा आणतो तो दुसरा प्रकार, कारण त्यात काही सुरूही करता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. अशा वेळी माणूस काहीबाही आवरत बसतो, आवरलेले पुन्हा आवरतो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण आपल्याकडे थट्टेने वापरतात, पण त्या न्हाव्याला दुकान सोडून जाता येत नव्हते हे कोणी लक्षात घेत नाही.

विश्रांतीला हद्द लागते, ही गोष्ट कारखान्यांच्या जगाला फार पूर्वी कळली आणि ती सहजासहजी कळलेली नाही. पुण्यात १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेले ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र पुढे मुंबईतून चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्यांच्या मागण्यांत रविवारची साप्ताहिक सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची सुटी या दोन्ही होत्या. १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांनी रविवारची सुटी मान्य केली. यंत्र बिघडले किंवा कापूस आला नाही म्हणून गिरणी बंद राहण्याचे दिवस त्याआधीही येतच असत. कामगारांना हवा होता तो आधी ठरलेला, कोणाच्या मर्जीवर नसलेला दिवस.

पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने याला आकडे दिले. आठवड्याला ४८ तास, दिवसाला ९ तास, आणि किमान अर्ध्या तासाच्या सुटीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही. त्या कायद्यातील मला सर्वांत शहाणी वाटणारी तरतूद मात्र वेगळीच आहे. मधल्या सुट्या धरूनही कामाच्या दिवसाचा एकूण पसारा साडेदहा तासांच्या पुढे जाता कामा नये, असे त्यात म्हटले होते. म्हणजे मधे तीन तास रिकामे बसवून ठेवून रात्री नऊपर्यंत राबवून घ्यायचे आणि वर ‘तुला तीन तास विश्रांती दिलीच की’ असे म्हणायचे, ही पळवाट कायद्याने आधीच बुजवली होती. घरातून व्यवसाय करणारी व्यक्ती हीच पळवाट स्वतःविरुद्ध रोज वापरते. पहाटे साडेपाचला डबे भरायला घेतले आणि रात्री साडेदहाला शेवटच्या ग्राहकाच्या संदेशाला उत्तर दिले, तर प्रत्यक्ष काम भले आठच तासांचे झाले असेल, पसारा सतरा तासांचा होतो. थकवा येतो तो त्या पसाऱ्याचा.

पुण्यातील दुकानांच्या ‘दुपारी १ ते ४ बंद’ या पाटीची जगभर थट्टा झाली आहे आणि पुणेकरांनी ती सोसलीही आहे. पण या विषयापुरते पाहिले तर ती पाटी आदर्श म्हणावी लागेल. तिच्यात सुरुवात आहे, शेवट आहे, ती ग्राहकाला आधीच दिसते आणि त्या वेळात शटर खरोखर खाली असते. आत बसलेल्या मालकाला कोणी येईल का, अशी शंकाही येत नाही. घराच्या दाराला शटर नसते, ही गृहउद्योगाची मूळ अडचण. ‘घरीच तर असता, जरा वेळाने आलो तर चालेल ना’ हे वाक्य कुठल्याही दुकानदाराला कोणी म्हणत नाही.

यात आणखी एक भर पडते, ती मात्र सर्वांवर सारखी पडत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, तर अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. पाच तासांना एक मिनिट कमी! व्यवसायातून निघालेला रिकामा अर्धा तास घरकाम गिळून टाकते आणि तो मोजलाही जात नाही, कारण त्या वेळात ‘धंद्याचे’ काही केलेले नसते. म्हणून कपडे वाळत घालताना गेलेल्या वेळाला विश्रांती समजणे हा हिशेबातील घोटाळाच आहे, मग पंख्याखाली उभे राहून कपडे झटकताना कितीही बरे वाटो.

तर मग विश्रांती कशाने होते? झोनेनटाग आणि फ्रिट्झ या संशोधकांनी २००७ मध्ये कामानंतर माणूस ताजातवाना होण्यासाठी उपयोगी पडणारे चार अनुभव सांगितले: कामापासून मनाने अलिप्त होणे, शरीर-मन सैलावणे, एखादी नवी गोष्ट अंगवळणी पाडणे आणि आपल्या वेळावर आपला ताबा असणे. चौथा अनुभव वर सांगितलेल्या खुणेशी जुळतो. पहिला घरात सर्वांत अवघड, कारण कामाचे टेबल आणि जेवणाचे टेबल बहुधा एकच असते. त्यावर एक साधा उपाय उपयोगी पडतो. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत दिसले, की अपुरे काम डोक्यात घोळत राहते, पण ते केव्हा आणि कसे करायचे हे ठरवून टाकले की काम पूर्ण न होताही ते घोळणे कमी होते. म्हणून दुपारी आडवे होण्याआधी ‘साडेचारला भाजणी दळायला द्यायची, पाचला कुलकर्ण्यांना फोन’ एवढे वहीत उतरवण्यासाठी घातलेली दोन मिनिटे विश्रांतीच्या बाजूनेच खर्ची पडतात.

दुपारच्या झोपेबद्दल एवढेच, की वीस मिनिटांच्या आसपासची डुलकी गाढ झोप लागण्याआधी संपते आणि माणूस हलका होऊन उठतो. पाऊण-एक तासाने गाढ झोपेतून उठवले गेल्यास डोके जड होते आणि संध्याकाळ चिडचिडीत जाते.

नियोजनाची सुरुवात मोजण्यापासून करावी. वरील सर्वेक्षणात चोवीस तास अर्ध्या अर्ध्या तासाच्या कप्प्यांत मांडले होते. एक आठवडाभर घरच्या वहीतही तसेच कप्पे पाडून प्रत्येकासमोर काम, घरकाम, वाट पाहणे आणि विश्रांती यांपैकी एकच शब्द लिहावा. ‘वाट पाहणे’ हा शब्द पहिल्या दोन दिवसांत कोणी लिहीत नाही. तिसऱ्या दिवसापासून तो वहीभर दिसू लागतो. एकदा तो दिसला की शेवट माहीत नसलेल्या वेळाला शेवट लावण्याचे काम हाती घेता येते. माल नेण्याची वेळ ग्राहकाला विचारण्यापेक्षा आपण सांगावी: सकाळी दहा ते साडेअकरा किंवा संध्याकाळी पाच ते साडेसहा. न आल्यास पिशवी शेजारी किंवा सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवली जाईल, हेही आधीच कळवावे. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये कामाच्या वेळा दाखवण्याची आणि त्या वेळेबाहेर आपोआप उत्तर पाठवण्याची सोय आहे. तीच घरगुती व्यवसायाची पाटी समजावी. पहिल्या महिन्यात चार-दोन ग्राहक कुरकुरतात. ठरलेल्या वेळेचा भरवसा पटला की बहुतेक गप्प होतात, आणि जे होत नाहीत त्यांच्या ऑर्डरीचा नफा एकदा नीट मांडून पाहावा.

ठरावीक लांबीच्या रिकाम्या वेळाला मात्र विश्रांतीत बदलण्याचा हट्ट धरू नये. उकड वाफेवर असताना ध्यानाला बसण्यात अर्थ नाही. त्या दहा मिनिटांत लेबले चिकटवावीत, बिले लिहावीत, डबे पुसावेत. अशी किरकोळ कामे रिकाम्या वेळात संपली, तरच दुपारचा सलग तास मोकळा उरतो. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणीपुरवठा बंद ठेवला जातो तेव्हा स्वयंपाकाचा धंदा आपोआप मंदावतो आणि ‘चला, सुटी मिळाली’ असे वाटते. पण तो दिवस पिंपे मोजण्यात आणि पाणी कधी येणार हे शेजारी विचारण्यात जातो. त्या दिवशी वाणसामानाचा हिशेब करावा आणि सुटी दुसऱ्या वारी घ्यावी.

हीच गल्लत वर्षाच्या पातळीवर पितृपंधरवड्यात होते. गणपतीतील मोदकांची धामधूम संपते, नवी खरेदी लोक टाळतात, फोन थंडावतो आणि घरातील माणसे म्हणतात, आता पंधरा दिवस आराम. प्रत्यक्षात ते दिवस ऑर्डर येत नसल्याच्या काळजीत आणि दिवाळीच्या भाजणीच्या तयारीत जातात, आणि नवरात्र लागले की बाई गणपतीच्या शिणासकटच पुढच्या हंगामात शिरतात. त्या पंधरवड्यातील तीन दिवस आधीच ठरवून फोन बंद ठेवला, तर ती विश्रांती होईल. उरलेले बारा दिवस खुशाल रिकामे म्हणावेत.

दिवाळीच्या तोंडावर मात्र कोणतेही वेळापत्रक टिकत नाही, आणि ते टिकावे अशी अपेक्षाही मी करणार नाही. त्या काळासाठीही १९४८ च्या कायद्यातच एक सोय होती: बुडालेल्या साप्ताहिक सुटीची बदली सुटी त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांच्या आत देण्याची. दिवाळीत चार रविवार गेले असतील तर त्या चार बदली सुट्या कोणत्या तारखांना घ्यायच्या, हे दसऱ्याच्या आधीच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवावे, कारण तुळशीचे लग्न लागले की रुखवताच्या ऑर्डरी सुरू होतात.