ईम गावाने स्वतःला कोंडून घेतलं, त्याच्या आधीची गोष्ट

इंग्लंडमधल्या डर्बीशायरचं ईम हे गाव प्लेगमुळे माहितीय सगळ्यांना, पण १६६६ मध्ये अख्खं गाव बाहेर न पडता गावातच थांबायला तयार कसं झालं हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

गाव डोंगराळ, शिशाच्या खाणींचं, मधोमध सेंट लॉरेन्सचं चर्च. १६४० च्या दशकात यादवी युद्धाच्या काळात थॉमस स्टॅनली तिथे पाद्री झाला, कट्टर प्युरिटन माणूस, म्हणजे चर्चमधला थाटमाट आणि कर्मकांड नको म्हणणाऱ्या पंथाचा. १६६० ला इंग्लंडमध्ये राजेशाही परत आली आणि १६६२ च्या कायद्याने सगळ्या पाद्रींवर नवीन प्रार्थनापुस्तक सक्तीचं केलं, स्टॅनलीने ते मानलं नाही म्हणून त्याचं पद गेलं. पण तो गावातच राहिला आणि लोकांचा जीव त्याच्यावरच होता. १६६४ ला विल्यम मॉम्पेसन आला, तिशीच्या आतला, बाहेरचा, त्यात सरकारी चर्चचा. त्याचं कोण ऐकणार?

१६६५ च्या उन्हाळ्याअखेरीस एका शिंप्याकडे लंडनहून कापड आलं, म्हणतात त्यातूनच प्लेगच्या पिसवा आल्या, आणि ७ सप्टेंबरला शिंप्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स दफन झाला. पुढच्या जूनमध्ये साथ परत भडकली तेव्हा मॉम्पेसनने स्टॅनलीला सोबत घेतलं. गावाबाहेर कुणी जायचं नाही, प्रार्थना चर्चऐवजी कक्लेट डेल्फच्या उघड्या घळीत, आणि आपल्या मेलेल्या माणसांना आपणच घराजवळ पुरायचं. माझ्या मते हे जमलं ते स्टॅनलीच्या शब्दामुळे, श्रेय मात्र बहुतेक वेळा एकट्या मॉम्पेसनला मिळतं आणि ते मला पटत नाही.

गावाच्या हद्दीवर भोकं पाडलेला दगड आहे, भोकांमध्ये व्हिनेगर आणि त्यात नाणी टाकायची, बाहेरचे लोक सामान ठेवून पैसे घेऊन जायचे. चॅट्सवर्थच्या वाड्यातून डेव्हनशायरच्या अर्लनेही (अर्ल म्हणजे सरदार) धान्य वगैरे पाठवलं. गावाबाहेरच्या शेतावर एलिझाबेथ हॅन्कॉक राहायची, त्या ऑगस्टमध्ये आठ दिवसांत तिने नवरा आणि सहा मुलं एकटीने पुरली, त्या कबरी आजही तिथे आहेत. त्याच महिन्यात मॉम्पेसनची बायको कॅथरीनही गेली.

नोव्हेंबर १६६६ ला साथ थांबली तोपर्यंत सुमारे २६० माणसं गेली होती. गावाची लोकसंख्या पूर्वी ३५० सांगायचे, आता अभ्यासक ती सातशेच्या वर धरतात. आजूबाजूच्या गावांत मात्र साथ पसरली नाही. मॉम्पेसन पुढे नॉटिंगहॅमशायरला बदलून गेला, तर तिथले लोक सुरुवातीला त्याला जवळ यायला देईनात. स्टॅनली १६७० मध्ये वारला, ईममध्येच.